दोनवेळे, दोनतासे आणि लिफ्ट

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की पूर्वी त्याचं गाव विचारत, मग नोकरी विचारत. आता थेट विचारतात, "तुम्ही दोनदा जेवता की दर दोन तासांनी?" उत्तर जुळलं तर पाव्हणा लगेच घरचा होतो. नाही जुळलं तर विचारणारा म्हणतो, "तुमच्या प्रकृतीला मानवतंय ना, मग झालं!" हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचं असतं ते ज्यांनी व्याह्यांच्या घरच्या स्वयंपाकाबद्दल म्हटलेलं आहे, त्यांना सांगायला नको.

आमच्याकडचे दोनवेळे हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, दीक्षितांनी तो गावोगाव व्याख्यानं देऊन घराघरात पोचवला. दिवसातून ज्या दोन वेळा कडकडून भूक लागते त्या ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा. शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. कारण असं की खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, पुन्हा खाल्लं की पुन्हा स्रवतं, आणि ते रक्तात सतत राहिलं की शरीर चरबी साठवत बसतं, वापरायला काढत नाही.

दोनतासे हे ऋजुता दिवेकरांचे. 'टशन' हा सिनेमा २००८ साली आला, त्यात करिना कपूर एवढीशी दिसली आणि तिच्या आहारतज्ज्ञ कोण याची चौकशी सुरू झाली. पुढच्याच वर्षी दिवेकरांचं पुस्तक आलं. भात खा, तूप खा, केळं खा, आजी खायची ते खा, पण थोडं थोडं आणि दर दोन तासांनी. मराठी माणसाला वरण-भात-तुपाची अधिकृत परवानगी इंग्रजी पुस्तकातून मिळाली, हे सुख काही औरच होतं. आमच्याकडे कित्येकांनी तर ते पुस्तक तेवढ्या पानापर्यंतच वाचलं.

उपास करून वजन उतरवायला निघालेल्या पंतांना पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधले चाळकरी सल्ले देतात, त्याला आता साठाहून जास्त वर्षं झाली. फरक एवढाच पडला की चाळकरी स्वतःच्या जबाबदारीवर सल्ला देत. आता प्रत्येकाच्या पाठीशी डॉक्टर असतो, आणि त्या डॉक्टरांचं दीड तासाचं भाषण मोबाइलवर तयार असतं. ते तुम्हाला पाठवलं जातं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारलं जातं, "ऐकलंत?"

माझं निरीक्षण असं की दोन्ही पंथांत गुरूचं वाक्य अर्धंच पोचलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका पक्के दोनवेळे. पूर्वी ते वीस मिनिटांत जेवून हात धूत. '५५ मिनिटांच्या आत' हे त्यांनी '५५ मिनिटं' असं ऐकलं. आता ते मोबाइलवर वेळ लावून बसतात. आधी गोड, मग सुका मेवा, मग मोड आलेली कडधान्यं, मग पोळी-भाजी-वरण-भात. चाळीस मिनिटांनी हे सगळं संपतं आणि काका घड्याळाकडे बघतात. पंधरा मिनिटं शिल्लक. सरकारी अनुदान मार्चअखेर परत जाऊ नये म्हणून खर्ची टाकतात, त्या तळमळीने ते मग फ्रीज उघडतात. काकू म्हणतात, "आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीचा पूर्ण वापर केला नाही यांनी, जिमचं पॅकेज घ्या, वाचनालयाची वर्गणी घ्या. ही पंचावन्न मिनिटं मात्र एक सेकंद वाया जाऊ देत नाहीत."

दोनताशांच्या बाबतीत वाक्याचं दुसरं टोक गळालं. 'दर दोन तासांनी' पोचलं, 'थोडं थोडं' मधेच कुठेतरी राहिलं. शिवाय दोन तासांनी खाण्याला जेवण म्हणायचं नसल्यामुळे त्यांची जेवणं वेगळी होतातच.

खरी कसोटी लागते ती सत्यनारायणाला. आरती साडेअकराला, प्रसाद बाराला आणि दोनवेळ्यांचं पहिलं जेवण दीड वाजता. प्रसाद नाकारायचा नाही, हे तर साधुवाण्याची कथा नुकतीच ऐकलेली असल्यामुळे सगळ्यांना ताजं आठवत असतं. मग शिऱ्याचे द्रोण कागदी रुमालात गुंडाळून घरी जातात आणि दीड वाजून एक मिनिटाने उघडले जातात. दोनतासे बाराला प्रसाद घेतात आणि दोनला तीर्थ राहिलंय का ते बघायला पुन्हा येतात.

आता गंमत बघा. चालायला सगळेच सांगतात. घरचं अन्न खा, साखर कमी करा, पाकिटातलं खाऊ नका, वेळेवर झोपा, यावर कोणाचंच दुमत नाही. हा भाग दोन्ही पंथांत कोणी आचरत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याबद्दल बोलताना मी कोणालाही ऐकलेलं नाही. ज्यावर सगळे तज्ज्ञ एकमताने बोलतात त्यावर भांडता येत नाही, आणि ज्यावर भांडता येत नाही ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टिकत नाही. ग्रुपवर 'रात्री अकराला झोपा' असं कोणी टाकलं तर त्याला दोन जण हात जोडतात आणि विषय संपतो. तेच 'दूध म्हणजे अन्न की पेय' टाका, दोनशे निरोप येतात, शेवटचा रात्री दीडला.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून घरातलं तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र दोन्ही पंथ घटकाभर एकत्र आले होते. हिशेब मांडायचं ठरलं. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चार जणांच्या घराला महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन-साडेतीन लिटर. घरोघर चौकशी झाली. सगळ्यांकडे पाच लिटरचा कॅन येतो आणि सगळ्यांचा कॅन 'दीड महिना जातो'. हे ऐकून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. स्टेशनबाहेरच्या कढईतलं तेल कोणाच्या कॅनमध्ये धरायचं, हा प्रश्न मी विचारला नाही. मला त्याच सोसायटीत राहायचं आहे.

वजनाच्या काट्यावर तर माझा फारसा विश्वासच उरलेला नाही, आणि त्याला कारण आहेत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की येतो तो बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच लेखात याज्ञिकांनी स्वतःबद्दल लिहिलंय की युडकिन फावल्या वेळात मॅरेथॉन धावतात, तर आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. जगातल्या एवढ्या मानाच्या नियतकालिकात आपल्या मराठी मुलखातला माणूस इतका खरा बोलला याचा मला अभिमान वाटतो.

आपण हातापायांनी बारीक आणि पोटाने श्रीमंत, म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा खाली आणली आहे. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठ. साडेपाच फुटांच्या जरा आतल्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाने ६२-६३ किलोंवर थांबायचं. हा आकडा मी ग्रुपवर टाकला तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही पंथांनी मिळून माझा निषेध केला. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८०च्या आत. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "मी कॉलेजपासून ३४ची पँट घालतो." घालतात, हे खरं आहे. पण कॉलेजात ती पँट बेंबीशी असायची. आता पट्टा पोटाच्या पायथ्याशी आहे आणि वरचा सगळा प्रदेश मोजणीतून वगळला गेला आहे. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. श्वास सोडून हे महत्त्वाचं. तिथेच बहुतेकांचा प्रामाणिकपणा संपतो.

माझी ताई बोरिवलीला असते, नॅशनल पार्कच्या जवळ. आपल्या शहराच्या पोटात १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, आणि त्यात रोज पहाटे शेकडो माणसं पास काढून फिरायला जातात. बिबट्या असलेल्या जागी चालायचा वेग आपोआप वाढेल असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. चौघे जण हातात हात असल्यासारखे रस्ता अडवून चालतात आणि म्युच्युअल फंडांवर बोलतात. मागून बिबट्या आला तर त्यालाही "एक मिनिट, काका" म्हणावं लागेल.

ताई आणि भावोजी साडेचार किलोमीटर इमानदारीने चालतात. मी गेलो की मलाही नेतात. व्यायाम संपतो तो फाटकाबाहेर. तिथे दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर यांचे रस घेऊन माणसं बसलेली असतात. हिरवा रस पिताना चेहऱ्यावर जे दुःख उमटतं त्याने माणसाला वाटतं, आता आपलं देवाकडे काहीतरी जमा झालं. आणि जमा झालं की ते काढायची इच्छा होते. म्हणून रविवारी रसानंतर फाफडा-जलेबी. बोरिवलीत शेजार गुजराती, त्यामुळे कागदात पपईची चटणी आणि तळलेली मिरची सढळ हाताने पडते. इतर दिवशी वडापाव.

या व्यवहाराचा हिशेब एकदाच करून टाकू. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तासात साडेचार किलोमीटर कापले तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जळतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे जंगलात जाऊन, बिबट्याचा धोका पत्करून, कारल्याचा रस पिऊन माणूस घरी येतो तेव्हा पन्नास कॅलरींनी वाढून येतो. अंथरुणात राहिला असता तर फायद्यात होता. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. ती नुसत्या चालण्याने उतरवायची तर हे साडेचार किलोमीटर एकतीस वेळा, आणि फाटकाबाहेर मान खाली घालून. भावोजींना हे गणित सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, पण चालल्याने साखर ताब्यात राहते, बीपी राहतं, झोप लागते." हे शंभर टक्के खरं आहे. चालण्याचे सगळे फायदे खरे आहेत. वडापाव माफ होणं तेवढं त्यात नाही.

माझं ऑफिस अंधेरीला. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो. ८ जून २०१४ला ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून घाटकोपर स्टेशन ही उपनगरांची व्यायामशाळा झाली आहे. गाडीतून उतरायचं, उतरायचं म्हणजे मागच्यांनी उतरवायचं, पुलावर चढायचं, पुढे पुन्हा मेट्रोकडे चढायचं. सरकता जिना आहे. त्याच्यापुढे एवढी रांग असते की शेजारचा साधा जिना रिकामा वाटतो, तरी रांग सोडून कोणी तिकडे वळत नाही. या गर्दीत मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत असतं. मी एका जागी उभा असतो, सकाळची गर्दी मला हलवत असते आणि पावलं माझ्या नावावर जमा होतात. अंधेरीला पोचेपर्यंत घड्याळ माझं अभिनंदन करतं.

दहा हजार पावलांचा आकडाही कुठल्या ऋषीने दिलेला नाही बरं का. टोकियो ऑलिम्पिक १९६४चं. त्याच्या पाठोपाठ पुढच्या वर्षी यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा टाकला. आकडा गोल होता, लक्षात राहिला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम करा म्हणते. हा आकडा कोणी मनगटावर बांधत नाही.

बायको मुलुंडहूनच जाते, पण महिलांच्या डब्यात, आणि तिचा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहे. त्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला डबा सजवून पेढे वाटले जातात. कोणाची मुलगी दहावी पास झाली, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाला नुसतं वाटलं म्हणून ढोकळा केला. डबा हातोहात फिरत येतो. घरी नाही म्हणता येतं. गर्दीत दोन्ही हात वर कडीला अडकलेले असताना समोरच्या ताईंनी ढोकळ्याचा तुकडा थेट तोंडाशी धरला, तर नाही म्हणायला तोंड उघडावंच लागतं. उघडलं की काम झालं. तिच्या ग्रुपमध्ये दोनवेळ्याही आहेत. त्या ढोकळा पिशवीत ठेवतात आणि ऑफिसात ज्या दोनताशी मैत्रिणीला देतात तिचं वजन वाढलं की म्हणतात, "बघ, मी सांगत होते."

अंधेरीचं एक देणं इथे नोंदवायला हवं, कारण ते जगाने उचललं आणि आपण विसरलो. १३ मार्च १९९५ला लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार माणसं जमवून पाच जणांचा हास्य क्लब सुरू केला. आधी रोज विनोद सांगून हसत. काही दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते ऐकून मंडळी रागवायला लागली. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की विनोद बंद, विनाकारण हसायचं. त्यांचं म्हणणं, शरीराला खरं हसणं आणि खोटं हसणं यातला फरक कळत नाही. विनोदी लेखकाच्या धंद्यावर याहून कठोर निकाल मी वाचलेला नाही. हसण्याने वजन किती उतरतं याचंही मोजमाप अमेरिकेत झालं आहे. दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं हसलं तर दहा ते चाळीस कॅलरी. म्हणजे वडापाव फेडायला पावणेदोन-दोन तास तरी सलग हसत राहावं लागेल. अंधेरीच्या बागेत चालून जाईल. घरी केलं तर बायको माझ्या माहेरच्यांना, म्हणजे बोरिवलीला, फोन लावेल.

आता लिफ्टकडे येतो. आमची जुनी इमारत तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नव्हती. दळणाचा डबा, तांदळाची पिशवी, आजारी माणूस, सगळं जिन्याने. वरच्या मजल्यावरच्या काकू दिवसातून चार वेळा खाली-वर करत, भाजीवाल्याशी भांडायला एकदा जास्त. 'गुडघे गेले आता' म्हणत सगळ्यांनी रिडेव्हलपमेंटला सह्या केल्या. बावीस मजल्यांचा टॉवर झाला, तीन लिफ्ट आल्या, आणि पोडियमवर जिम आली. जिममध्ये एक यंत्र आहे. त्यावर उभं राहिलं की पायऱ्या खाली सरकतात आणि आपण चढत राहतो, कुठेच पोचत नाही. त्या यंत्रासाठी सकाळी रांग लागते. सातव्या मजल्यावरचे लोक लिफ्टने खाली येऊन पायऱ्या चढतात आणि लिफ्टने परत जातात. या चढण्याचा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये सगळ्यांना येतो, न चढणाऱ्यांनाही.

यंदाच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी विषयपत्रिकेवर एक ठराव घेतला: सभासदांच्या आरोग्यासाठी आठवड्यातून एक दिवस सकाळी दोन तास लिफ्ट बंद ठेवावी, ज्येष्ठ आणि आजारी सभासदांसाठी एक चालू राहील. सभा रविवारी साडेदहाला. नेमकं त्याच सकाळी दुरुस्तीसाठी तिन्ही लिफ्ट एकदम बंद होत्या. कोरम झाला नाही. आपल्याकडे सोसायटीच्या नोटिशीतच लिहिलेलं असतं की कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला कोरमची गरज राहणार नाही. त्या अर्ध्या तासात समोशाची आणि वेफर्सची पाकिटं वाटली गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घड्याळ लावलं. एका दोनताशांनी "माझी वेळच झालीये" म्हणून दोन घेतली.

अकरा वाजता सभा पुन्हा भरली. हजर होते ते सगळे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे. लिफ्ट बंदीचा ठराव चर्चेविना एकमताने संमत झाला, आणि दोन तास फारच कमी होतात म्हणून अख्खा दिवस करण्यात आला. चौदाव्या मजल्यावरून त्याला लेखी हरकत आली आहे. ती संध्याकाळी मिळाली, लिफ्ट सुरू झाल्यावर.